टोपलीखालचं पाऊल

१

मधल्या खोलीच्या कोपऱ्यात टोपली पालथी घातलेली होती. अपर्णाबाई सौंसरच्या एका दवाखान्यात नर्स, रक्ताला न भिणारी बाई. नवऱ्यासोबत विकाऊ घर पाहता पाहता तिने सहज वाकून टोपली उचलली आणि तशीच हातात धरून उभी राहिली.

खाली पीठ होतं. चाळून, सारखं पसरलेलं. मधोमध मातीचा दिवा, वात दक्षिणेकडे, विझलेला, पण तेल अजून ओलं. आणि पिठात तीन पावलं. लहान लहान, लेकराची असावीत अशी. एकामागे एक, मागच्या खोलीच्या दाराकडे चाललेली, तिन्हींचे अंगठे भिंतीच्या बाजूला.

"गुणवंताभाऊ," अपर्णाबाई हळूच म्हणाली, "या घरात कोण मेलं?"

"कोणीच नाई मेलं, बाई," गुणवंता म्हणाला. खरं तेच होतं, पण उपयोग शून्य.

कारण हे काय असते ते या भागातल्या कोणालाही सांगावं लागत नाही. माणूस गेला की त्याच्या जागेवर दिवा ठेवायचा, पीठ पसरायचं, टोपली झाकायची आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं की कोणाचं पाऊल उमटलं. चिमणीचं, गाईचं की माणसाचं. गेलेला कोणत्या जन्माला गेला ते त्यावरून कळते म्हणतात. पण त्यासाठी आधी कोणीतरी जावं लागते.

अपर्णाबाईने टोपली होती तशी ठेवली, हात पदराला पुसले आणि नवऱ्याला म्हणाली की सौंसरची बस निघून जाईन. घराबद्दल एक शब्द नाही. गुणवंताने मोबाईल काढून पिठाचा फोटो घेतला. बाहेर येऊन कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. कारण हिवाळ्यात हे घर पहिल्यांदा विकायला काढलं होतं, तेव्हाही हेच झालं होतं. हाच कोपरा, हीच टोपली, असाच दिवा.

आणि घराच्या दोनच चाव्या होत्या. त्यातली एक त्याच्याच खिशात होती.

२

गुणवंता म्हणजे पांढुर्ण्यातला घरांचा दलाल, पन्नाशी गाठलेला, आणि गावातला एक नंबरचा खोडकर माणूस. ऐन दिवाळीत सासऱ्याच्या घरावर 'विकणे आहे' असा बोर्ड त्यानेच लावला होता, आणि फराळाला बसलेल्या सासऱ्याला तीन पार्ट्या घर पाहायला आल्यावर कळलं होतं. त्यामुळे टोपलीची गोष्ट संध्याकाळपर्यंत स्टेशनरोडच्या चहाच्या टपरीवर पोचली, तेव्हा सगळ्यांनी त्याच्याचकडे पाहिलं. एकजण म्हणाला, "गुणवंता, या टाइमले जास्त झालं बे." तो हसला, पण चहा कडू लागला.

घर स्टेशनपलीकडच्या कॉलनीतलं. साधं स्लॅबचं, तीन खोल्यांचं, मागे अंगण. मालकीण प्रतिभाताई, सौंसरच्या शाळेत मास्तरीण. आईबाप गेल्यावर या घरात तिचा धाकटा भाऊ रोशन एकटा राहायचा. मागच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नदीच्या दोन काठांवरून गोटे मारायच्या गोटमारीच्या दिवशी, रोशन जाम नदीवर गेला आणि परत आलाच नाही. नदी पाहिली, दवाखाने पाहिले, पोलिसात फोटो दिला. माणूस नाही, कपडा नाही, चप्पलही नाही. त्यानंतर प्रतिभाताईने घराला कुलूप घातलं. त्या भिंतींकडे पाहवत नव्हतं म्हणून विकायला काढलं.

रात्री तिचा फोन आला. गुणवंताला वाटलं, शिव्या खाव्या लागतील. पण बाईचा आवाज एकदम सपाट होता. तिने सांगितलं की रोज संध्याकाळी ती अजून रोशनचं ताट वाढते. नवरा काही बोलत नाही, सकाळी ते ताट गाईला घालतो.

"भाऊ, मले एवढंच सांगा," ती म्हणाली. "ते पाऊल रोशनचं हाय का? तो गेला असन त सांगून टाका. मी ताट वाढणं बंद करते."

 पता लावतो, एवढंच गुणवंता म्हणाला.

तिने पुढे आणखी एक सांगितलं. या वेळीही घर गेलं नाही तर शेजारचे नत्थूजी घ्यायला तयार आहेत. भाव पडेलच, पण आता भावाचं काय करायचं.

गुणवंताने फोन ठेवला आणि फोटो मोठा करून पाहिला.  तीन पावलं होती. पण ज्याने कोणी ती टाकली होती, त्याला पाय एकच होता.

३

सकाळी तो घरी गेला, एकटाच.

बाजारात एकदा दाखवून परत आलेलं घर म्हणजे मंडीतून परत आलेली संत्र्याची गाडी. माल तोच असते, पण लोक हुंगून पाहतात. म्हणून दुसऱ्यांदा काढताना गुणवंता काहीतरी बदलायचा. नवीन फोटो, नवीन बोर्ड, भिंतींना रंग. या घराला रंग द्यायचं त्याने ठरवलं होतं आणि सावरगावचा शुभम पेंटर ठरवला होता. शुभम आठ दिवसांपूर्वी भिंती पाहायला घरापाशी आला तेव्हा कपाळावरची टाक्यांची रेघ दाखवून हसत होता. मागच्या गोटमारीतला गोटा. बेशुद्ध पडला, तसाच नागपूरला नेला, नदीवर लोक म्हणे गेला म्हणून बोंबलले होते. "माह्या बापानं त रडून घेतलं होतं भाऊ, मी आलो त म्हणे, सांगून त यायचं."

तेव्हा कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारचे नत्थूजी ऐकत होते. रिटायर सरकारी बाबू, दोन वर्षांपूर्वी बायको विजयमाला वारली तेव्हापासून एकटेच. स्वभाव असा की दुसऱ्याचं चुकलेलं त्यांना पाहवत नसे. घर झाडायचं, दाखवायचं असलं की गुणवंता आधी त्यांनाच फोन करायचा, लक्ष ठेवा म्हणून. गुणवंताची स्कूटर तिरपी उभी असली तर ते येऊन सरळ करत. पोथी वाचणाऱ्याला मधेच थांबवत. त्या दिवशी ते गुणवंताला बाजूला घेऊन म्हणाले होते, सावरगाववाला पेंटर नको, सौंसरचा चांगला माणूस मी देतो. गुणवंताला वाटलं, गोटमारीचं वैर. पांढुर्णा आणि सावरगाव, एक दिवस गोटे मारतात आणि वर्षभर सोयरिकी करतात. पण म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात काही बसलं असेल.

दुसऱ्याच दिवशी शुभमचा फोन आला होता. "काम कॅन्सल केलं म्हणे तुमी?" गुणवंताने काहीच कॅन्सल केलं नव्हतं. त्याने शुभमला सांगितलं की थांब, मी बोलावलं तवाच ये. कोणी खोडी काढली असेल म्हणून तेव्हा सोडून दिलं होतं.

आता तो मागच्या अंगणात उभा होता. उन्हाळ्याने सगळं भाजून काढलं होतं. जास्वंदाच्या काड्या, कढीपत्त्याचा सांगाडा. नळाची तोटी त्याने स्वतःच काढून ठेवलेली. पण न्हाणीच्या मोरीपाशी जे संत्र्याचं झाड होतं, ते पांढऱ्या फुलांनी भरलं होतं.

गुणवंता शेतकऱ्याच्या घरातला. संत्र्याला बहार असा येत नाही. आधी पाणी तोडायचं, पानं गळेस्तोवर झाडाला ताण द्यायचा, आणि मग पाणी सोडायचं, तेव्हा फूल येते. बंद घरात ताण आपोआप बसला, ते ठीक. पण पाऊस नाही, नळ नाही, मग पाणी कोणी सोडलं?

त्याने वाकून बुडाशी हात लावला. माती ओली होती. वरून साबणाचा पांढरा थर वाळलेला होता.

मागे न्हाणीची खिडकी बंद होती. गुणवंताला वाटलं, खिडकीच्या आतून कोणीतरी श्वास रोखला.

४

तो पळाला नाही.  मोठ्याने स्वतःशीच म्हणाला की काही नाही इथं, चला, आणि कुलूप वाजवत निघून गेला.

दुपारी तो तिघांना भेटायला निघाला. घरात शिरू शकतील, नाहीतर ज्यांना ते घर हवं होतं, असे तिघंच होते.

पहिला अक्षय, प्रतिभाताईचा चुलतभाऊ, मोहगावला कापसाचा व्यापार. त्याचं म्हणणं होतं की घर काकाचं, त्यात त्याचाही वाटा निघतो. पहिल्या विक्रीच्या वेळी भांडायला आला होता. टोपलीचं विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं की वाटा पाहिजे तर कोर्टात जाईन, पिठात कशाला हात घालू. मग म्हणाला, रोशन आणि मी एका ताटात जेवलो, त्याच्या नावाचा दिवा मी लावीन का. गुणवंताने दारातून निघता निघता विचारलं की महालक्ष्म्यांची पावलं तुमच्याकडे कोण काढते. अक्षय म्हणाला, आता तर स्टिकर मिळतात, बायको सुचिता तेच आणून चिकटवते.

दुसरी कलाबाई. घर दाखवायच्या आधी झाडून द्यायची. प्रतिभाताईची चावी तिच्याजवळ असायची. ती रडायलाच लागली. म्हणाली, अमावस्येच्या आदल्या दिवशी झाडलं तेव्हा कोपरा कोरा होता, माझ्या लेकरांची शप्पथ. गुणवंताने तिला चहा पाजला आणि घराच्या पायरीवर नवीन पार्टीसाठी लक्ष्मीची पावलं काढून दे म्हणाला. चुन्याची वाटी पुढे केली. कलाबाईने दोन्ही मुठी वळल्या. डावी टेकवली, उजवी टेकवली, डावी, उजवी, वर बोटांनी अंगठा आणि बारीक बोटं. लक्ष्मी चालत आल्यासारखी दिसली. गुणवंताने तिला खाऊला पैसे दिले आणि ती गेल्यावर ती पावलं पाण्याने पुसून टाकली.

तिसरे शेजारचे नत्थूजी. त्यांच्याकडे जायच्या आधी तो पायरीवर बसून डोकं खाजवत राहिला. उभी हयात त्याने लोकांच्या खोड्या काढल्या होत्या आणि एक गोष्ट त्याला पक्की माहीत होती. खोडी दिसायला पाहिजे. भेव दाखवायचं असतं तर टोपली दारातच ठेवली असती, पावलं गिऱ्हाइकाकडे वळवली असती. इथं टोपली कोपऱ्यात होती, पीठ चाळलेलं होतं, वात बरोबर दक्षिणेला होती. ते मनापासून केलेलं होतं. कोणाच्या तरी दुःखाचं होतं.

पण पावलं खोटी होती. म्हणजे हे काम एकाचं नव्हतं. एक दिवा लावत होता, दुसरा त्याच्या पाठीमागे पावलं उमटवत होता. आणि पावलं जात होती मागच्या खोलीकडे.

भेव गिऱ्हाइकाला दाखवायचंच नव्हतं. जो मागच्या खोलीत झोपत होता, त्याला दाखवायचं होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणाला न सांगता, गुणवंता चुन्याची वाटी घेऊन पायरीवर बसला. शुभमला त्याने मागच्या बोळीत उभं केलं होतं, पुताईच्या चुन्याची बालदी घेऊन, आणि सांगितलं होतं की मी जोराने खोकललो की मागच्या दारातून आत जायचं.

नत्थूजी चहाचा कप घेऊन भिंतीपाशी आले. आज कोण येऊन राहिलं, विचारलं. गुणवंता म्हणाला की पार्टी परवा येणार, जुन्या वळणाची माणसं आहेत, म्हणून पायरीवर लक्ष्मीची पावलं. आणि मूठ उलटी करून त्याने असं काही बदकाचं पाऊल काढलं की पाहणाऱ्याला हसू यावं.

नत्थूजी हसले नाहीत. त्यांना ते पाहवेना. अर्धा मिनिट ते पाहत राहिले. गुणवंताने आणखी एक काढलं, पहिल्यापेक्षा वाईट. नत्थूजींनी कप भिंतीवर ठेवला, फाटक उघडून आले, धोतर सावरून उकिडवे बसले.

"अशी नसते हो मूठ. सरका. आमची विजयमाला काय सुंदर काढे."

त्यांनी उजवी मूठ चुन्यात बुडवली आणि टेकवली. वर बोटांनी अंगठा, बारीक बोटं. सुबक. मग पुढे उजवी मूठ. मग पुढे पुन्हा उजवी. डावा हात गुडघ्यावर तसाच राहिला. जन्मभर खाटेवर बसून बायकोचं पाहिलं होतं, पण बायका दोन्ही हात लावतात हे बाबूच्या ध्यानात कधी आलंच नव्हतं.

तीन पावलं. तिन्हींचे अंगठे एकाच बाजूला.

गुणवंताने खिशातून मोबाईल काढला, फोटो त्या पावलांशेजारी धरला. नत्थूजींनी फोटोकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

गुणवंता जोराने खोकलला. मागचं दार करकरलं. आणि बंद घराच्या आत ताट पडल्याचा आवाज आला.

६

नत्थूजी उठायला लागले. गुणवंताने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, हलकाच, पण ते पुन्हा खाली बसले.

"बसा, बाबूजी. चुकलं त सुधरवा मले," तो म्हणाला आणि सांगत गेला.

अमावस्येला कोणी घर पाहत नाही, म्हणून गिऱ्हाईक नेमकं दुसऱ्या दिवशी येते. अन् पीठ दर अमावस्येला पडते, म्हणून दोन्ही वेळा गिऱ्हाइकालाच टोपली सापडली. अमावस्येला पीठ कोण टाकते? ज्याच्या डोक्यावर मेलेल्याचं ओझं आहे तो. या गावात पोळ्याच्या अमावस्येच्या दुसऱ्याच दिवशी कोण नाहीसा झाला? रोशन. त्या दिवशी त्याचा गोटा सावरगावच्या पोट्ट्याच्या कपाळावर बसला, लोक गेला गेला म्हणून ओरडले, आणि रोशन पळत तुमच्या दारात आला. शेजारी म्हणून. काकाजी म्हणून.

पहिला दिवस तुम्ही त्याला लपवलं, ते चांगलंच केलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला कळलं की तो पोट्टा जिवंत आहे. आणि तुम्ही घरी येऊन सांगितलं की मेला.

त्याचा फोन घेतला, पोलीस पत्ता काढतात म्हणून. प्रतिभाताईने कुलूप घातलं, तरी तुमच्याजवळ रोशनच्या मागच्या दाराची चावी होतीच, जी आम्ही मोजलीच नाही. भिंतीवरून बालदीभर पाणी, दोन वेळचं जेवण, म्हणून सकाळी मागचं दार उघडंच असते. घर झाडायचं, दाखवायचं असलं की मी तुम्हालाच फोन करतो, लक्ष ठेवा म्हणून, मग तुम्ही त्याला तुमच्या माळ्यावर नेता. पण टोपली मुद्दाम राहू देता. घर दोनदा न विकता राहिलं की भाव पडते, मग मधली भिंत पाडून तुमचंच. अन् रोशनला जायचं मन झालं की पिठात पाऊल. पाहा, मेलेला अजून सुटला नाही, तुझ्याच खोलीकडे येऊन राहिला.

"म्हणून शुभमचं नाव ऐकून तुमचं पोट दुखलं. काम कॅन्सलचा फोन तुमचाच ना?"

 नत्थूजी म्हणाले, "पोट्ट्याले मी उपाशी नाई ठेवलं." आणि मग, खालच्या आवाजात, की विजयमाला गेल्यावर घरात जेवायला कोणीतरी होतं.

हे ऐकून गुणवंताला त्यांचा राग जास्त आला की कमी, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याने समोरचं कुलूप उघडलं.

मधल्या खोलीत पोळीचे तुकडे सांडले होते. भिंतीला पाठ लावून एक माणूस बसला होता, दाढी छातीपर्यंत, अंगावर नत्थूजींचाच जुना सदरा. हात जोडलेले. समोर शुभम, कपाळावर टाक्यांची रेघ, हातात बालदी. बालदीतला चुना हिंदकळून त्याच्या पायांवर सांडला होता.

रोशन त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हता. पायांकडे पाहत होता, उलटे आहेत का म्हणून. पाय सरळ होते. आणि मागच्या दारापासून इथपर्यंत फरशीवर ओली पांढरी पावलं उमटली होती, मोठी, भेगाळलेली. डावं, उजवं, डावं, उजवं.

रोशनने हात पुढे केला आणि जवळच्या पावलाला बोट लावलं. बोटाला चुना लागला. तो बोटाकडे पाहत राहिला.

"म्हणजे तूच का बे तो?" शुभम खाली बसत म्हणाला. कपाळावरून हात फिरवला. त्याचं तोंड रागाने लाल झालं होतं, पण समोरचे डोळे पाहून राग पुढे सरकेना. "निशाणा बाकी भारी हाय तुहा."

रोशनच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो रडण्याचा होता की हसण्याचा, कोणाला सांगता आलं नसतं. शुभमने बालदी बाजूला ठेवून त्याला धरलं.

गुणवंता बाहेर पायरीवर आला. नत्थूजी तिथंच बसले होते, उजवी मूठ वळलेली, चुना वाळून भेगा पडलेल्या. कॉलनीतल्या बायका फाटकापाशी जमायला लागल्या होत्या. पोलिसांना कोणीतरी फोन करत होतं. गुणवंताने प्रतिभाताईला लावला. शाळेच्या मधल्या सुट्टीचा गोंगाट ऐकू येत होता.

सरळ सांगायचं त्याने ठरवलं होतं. पण जित्याजागत्या माणसाला जन्माची सवय एका दिवसात सुटत नाही.

"ताई, घराचा बोर्ड काढून घेतो मी," तो म्हणाला. "माणूस भेटला. आधीपासूनच राहून राहिला तो त्यात. निघतो म्हणत नाई."

तिकडे गोंगाट तसाच चालू होता, पोरं ओरडत होती, घंटा झाली.  गुणवंताला वाटलं, प्रतिभाताईने ऐकलंच नाही. आपण फार वाईट माणूस आहोत असंही वाटलं. तो घाईघाईने नाव सांगणार, तेवढ्यात तिचा आवाज आला.

"जेवला का तो?"

गुणवंताने मागे वळून पाहिलं. फरशीवर पालथं पडलेलं ताट शुभमने उचललं होतं आणि आपल्या सदऱ्याने पुसत होता.

"नाई ना," तो म्हणाला. "ताट सांडलं त्याचं. तुमी या."